पडवीतले संसार

आमच्या घरात दुपारी कुणी झोपत नाही. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली की माजघरातला पंखा बंद होतो आणि सगळं घर पडवीत येऊन बसतं. वेंगुर्ल्याच्या बाजूला अशी घरं अजून पुष्कळ आहेत. चिऱ्याच्या भिंती, पुढे खळं, खळ्यात तुळस, मागे विहीर आणि घराच्या अंगाला लागून लांबच लांब पडवी. ऊन असो वा पाऊस, पडवीत बसलं की दोन्ही दिसतं आणि अंगावर काहीच येत नाही.

पडवीच्या एका टोकाला मोठ्या तळणाची शेगडी. मधल्या खांबाशी सासूबाईंची टोपली, तिच्यात क्रोशाच्या सुया, दोऱ्याची रिळं आणि कायम एखादा अर्धवट रुमाल. दुसऱ्या टोकाला चिऱ्यांच्या कट्ट्यावर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी. तिच्यात छपन्न लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड धरून ओझं बरंच वाढतं, म्हणून लाकडी टेबल नको, चिराच हवा, हे टाकी आणली त्याच दिवशी ठरलं. टाकीत गप्पी नावाचे चिमुकले रंगीत मासे आहेत. तिच्या बाजूला छोट्या वेगळ्या टाकीत एक निळा फायटर मासा आहे.

मुंबईहून येणारी मंडळी हे सगळं बघतात आणि प्रेमाने म्हणतात, "तुमचा इथे बरा वेळ जातो हो." मला ते कधीच पटलेलं नाही. दुपारच्या त्या दोन-अडीच तासांत आमचं घर चाललेलं असतं. कुणाचं पोट बिघडलंय, लेकीच्या शाळेत काय घडलं, काजूच्या बागेतल्या मजुरीचा हिशेब कुठे अडलाय, हे सगळं तिथेच कळतं. समोर बसवून विचारलं तर आमच्याकडे कुणी काही सांगत नाही. हात कामात गुंतले की बोलणं आपोआप सुटतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे बघतेय, आणि घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी स्वयंपाकघर दाखवणार नाही, पडवी दाखवीन.

आधी खाण्याचं सांगते.

खाजं हा आमच्या जिल्ह्याचा खाऊ. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा असो की सोनुर्लीच्या माउलीची, दुकानांच्या रांगेत खाज्यांचे ढीग लागलेले असतात आणि पुडीभर खाजं घेतल्याशिवाय कुणी घरी परतत नाही. जत्रेच्या खाज्याला जत्रेची चव असते, ती घरी येणार नाही हे मान्य. पण घरच्या खाज्यात आलं जास्त पडतं, गूळ आपल्या पसंतीचा असतो आणि मुख्य म्हणजे करताना चार माणसं लागतात.

डाळीचं पीठ, हळद, मीठ आणि कढत तेलाचं मोहन. पीठ घट्टच भिजवायचं. मोठ्या भोकाची चकती घालून सोऱ्यातून जाड शेव पाडायची, बोटभर लांबीचे तुकडे करायचे आणि मंद आचेवर तळायचे. घाई केली की बाहेरून रंग येतो आणि आत पीठ कच्चं राहतं. इथवर कुणालाही जमेल. खरं काम पाकाचं. गूळ थोड्या पाण्यात वितळवून गाळून घ्यायचा, परत चढवायचा, किसलेलं आलं घालायचं आणि ढवळत राहायचं. शेजारी वाटीत गार पाणी ठेवलेलं असतं. पाकाचा थेंब त्यात टाकायचा. पसरला तर थांबायचं. बोटांत धरून गोळी वळली की त्या क्षणाला कढई खाली.

तो क्षण सासूबाईंना वाटीकडे न बघता कळतो. बुडबुडे मोठे असतात ते बारीक व्हायला लागतात, पाक डावावरून पडताना तुटत नाही, आणि आल्याचा वास नाकाला झोंबेनासा होतो. त्या म्हणतात, "हात आवर गो." म्हणजे आता ढवळणं थांबव, आच बंद कर. मग तळलेले तुकडे पाकात, वर पांढरे तीळ, आणि दोघींनी दोन डावांनी खालवर करत राहायचं. आधी सगळं चिकट, ओलं, एकमेकांना धरून बसलेलं. हळूहळू डाव हलका लागायला लागतो, कढईत खडखड वाजू लागते आणि प्रत्येक तुकड्यावर गुळाचा कोरडा, फिकट पापुद्रा चढतो. तो आवाज आला की लेक जिथे असेल तिथून धावत येते. गरम खाजं खायचं नसतं, दात धरतं, हे तिला किती वेळा सांगितलं तरी पहिलं खाजं तिचंच.

उन्हाळ्यात शेगडीवर फणसाचे गरे असतात. झाडावरून कच्चा कापा फणस उतरवायचा. कोयती आणि हात दोन्हींना खोबरेल लावायचं, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. गरे उभे चिरायचे आणि खोबरेल तेलातच तळायचे. अर्धे तळले गेले की मिठाचं पाणी चमच्याने थेट उकळत्या तेलात घालायचं. पहिल्यांदा बघणारा माणूस दोन पावलं मागे सरतो. तेल उसळतं, फसफसतं, पडवीभर वाफ होते आणि मग सगळं शांत होऊन गरे कुरकुरीत वाजायला लागतात. मीठ वरून भुरभुरवलं तर ते डब्याच्या तळाशी जाऊन बसतं. पाण्यातून गेलं की प्रत्येक गऱ्याला सारखं लागतं. चमचा किती भरायचा हे मात्र कुणी मोजून सांगू शकत नाही. घाणा किती मोठा, तेल किती तापलंय, त्यावर ते ठरतं.

बरका फणस पिकला की त्याची पोळी. हापूस संपत आला की आंबापोळी. ताटांना तूप लावून रस पसरायचा आणि मे महिन्याच्या उन्हात थरावर थर वाळवायचे. आठळ्या लाल मातीत घोळून कोपऱ्यात ठेवायच्या, पावसाळ्यात मिठाच्या पाण्यात उकडून चहाबरोबर खायला. हे सगळं मी भराभर सांगतेय, कारण ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी केलं नाही त्यांनी एकदा मे महिन्यात येऊन बघावं.

मीठ आमच्याकडे खडेमीठच असतं. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा आमच्याच तालुक्यातलं. सासूबाईंच्या लेखी पिशवीतलं बारीक पांढरं मीठ हे मीठच नव्हे. गऱ्यांना खडेमीठ, कैरीला खडेमीठ, बांगडे खारवायला खडेमीठ. आणि टाकीतल्या माशांनाही खडेमीठ.

ते कसं, ते सांगायला हवं.

मासे घरात आले ते लेकीमुळे. शाळेच्या सहलीत रत्नागिरीला गेली होती. तिथे झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांचं मत्स्यालय आहे, संग्रहालयात देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे. सांगाडा बघून बाकीची मुलं हरखली, आमची मात्र काचेमागच्या चिमुकल्या रंगीत माशांपाशी अडकली. परत आल्यावर एकच धोशा. घरातल्या मोठ्यांना आश्चर्य वाटलं. आमच्या दारात सकाळी मासेवाली येते, टोपली उतरते, बांगडा की सौंदाळे यावर बोलणी होतात. मासा म्हणजे कालवण किंवा तळण. तो बघण्यासाठी पाळायचा, ही गोष्टच नवी.

पण एकदा टाकी आली आणि सगळ्यात आधी त्यात कोण गुंतलं असेल तर सासूबाई. टाकी आणल्या आणल्या लेकीला मासे सोडायचे होते. त्यांनी अडवलं. "पाणी मुरूक व्हया गो. मुरल्याशिवाय काय्येक घालू नको." लोणचं मुरतं तसं पाणीही मुरतं हे त्या इतक्या सहज बोलल्या, की मी नंतर वाचायला घेतलं तेव्हा थक्क झाले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. पाण्यात, वाळूवर, गाळणीच्या स्पंजवर एक प्रकारचे जिवाणू हळूहळू वस्ती करतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही घातकच. मग दुसरे जिवाणू येतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माशांना बऱ्यापैकी सोसतं. ही वस्ती जमायला काही आठवडे जातात. नव्या टाकीत घाईने सोडलेले मासे जातात ते बहुधा याच कारणाने. सासूबाईंना अमोनिया ठाऊक नाही. पण विहीर उपसल्यावर पहिलं पाणी प्यायला घ्यायचं नाही, नवी डोण, म्हणजे पाणी साठवायची कुंडी, भरली तरी गुरांना लगेच पाजायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

याच कारणाने पाणी सगळं एकदम बदलायचं नाही. आठवड्याला पाव हिस्सा काढायचा आणि तेवढंच नवं घालायचं. स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळायचा, नाहीतर जमलेली वस्ती धुऊन जाते. काढलेलं पाणी अबोलीला आणि भोपळ्याच्या वेलाला. ते नायट्रेट झाडांना खत म्हणून लागू पडतं. भोपळ्याच्या पानांकडे बघून आमच्या शेजारीण वहिनी विचारतात, काय घालता म्हणून.

आता आमच्या पाण्याचं. जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी मऊ असतं. साबणाला फेस भरपूर येतो, डाळ चटकन शिजते. पण त्यात क्षार कमी आणि थोडी आम्लता. गप्पीला याच्या उलट लागतं. थोडं जड, क्षाराचं पाणी त्याला मानवतं, अगदी खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही तो राहू शकतो. उपाय दारातच होता. उभादांड्याला सागरेश्वरच्या किनाऱ्यावरून शिंपले आणले, उकळले, घासले आणि टाकीच्या तळाशी पसरले. शिंपला चुनखडीचाच. मऊ पाण्यात तो सावकाश विरघळतो आणि पाण्याला लागतो तेवढा क्षार देतो. मूठभर शिंपल्यांनी टाकीला शोभाही आली आणि माशांना जीवही.

फायटरला मात्र आमचं पाणी जसं आहे तसंच आवडतं. तो मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांत आणि साचलेल्या उथळ पाण्यात राहणारा. त्याला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा ओढून घ्यायचा एक वेगळा अवयव असतो, म्हणून तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. खळ्याच्या कडेला देशी बदामाचं झाड आहे, ज्याची लाल पडलेली पानं झाडून झाडून कंबर मोडते. त्यातलं एक वाळलेलं पान धुऊन त्याच्या टाकीत सोडलं की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. पानातलं टॅनिन त्याला मानवतं. त्याच पानाच्या खाली, पावसाची झड लागली की तो घरटं बांधतो.

हे घरटं मी तासन्‌तास बघितलंय. वर येतो, तोंडात हवा घेतो, पानाखाली जातो आणि एक बुडबुडा सोडतो. बुडबुड्याला त्याच्या तोंडातल्या चिकट द्रवाचं वेष्टन असतं, म्हणून तो फुटत नाही. मग परत वर. असे बुडबुडे एकाला एक चिकटवत तो तळहाताएवढा पांढरा फेस रचतो. एखादा निसटला की धावत जाऊन तोंडात धरतो आणि जागेवर नेऊन लावतो. या घरट्यात मादीची अंडी ठेवायची असतात. खाली पडलेलं प्रत्येक अंडं नर तोंडात उचलून परत वर ठेवतो, पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो, आणि मादीला जवळ फिरकू देत नाही. आमच्याकडे मादी नाही. तरी हा बांधतोच. लेकीला त्याचं फार वाईट वाटतं. मला वाईट वाटत नाही, मला त्याचा आदर वाटतो.

गप्पींचा संसार याच्या अगदी उलट. अंडी नाहीत, घरटं नाही, मादी थेट पोहती पिल्लं देते. साधारण चार आठवड्यांनी तिच्या पोटाशी गडद डाग मोठा होत जातो, पोट चौकोनी दिसायला लागतं आणि मग एखाद्या सकाळी पापणीच्या केसाएवढी पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात दिसतात. नर वेगळा काढला तरी मादी पुढे महिनोन्‌महिने वीत देऊ शकते, कारण ती बीज साठवून ठेवते. आणि पिल्लं दिसली की आई-बापच ती खातात. यावर लेकीने दोन दिवस अबोला धरला होता, माशांशी. मग सासूबाईंनी तळ्यातलं शेवाळ आणून टाकीच्या कोपऱ्यात दाट सोडलं. पिल्लं त्यात शिरतात, वाचतात. जी वाचत नाहीत ती नाहीत. कोंबड्या-मांजरांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बारा वर्षांच्या मुलीला एकदा तरी रडू द्यावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर चिमूट. दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासा कायम भुकेलाच दिसतो. काचेजवळ माणूस आला की सगळे पुढे येऊन तोंडं उघडतात, आणि पाहुण्यांचा हात डब्याकडे जातो. त्यावर आमच्याकडे पाकाच्या वेळचाच शब्द, "हात आवर." उरलेलं खाणं तळाशी कुजतं आणि परत तोच अमोनिया. कधी डोणीतल्या पाण्यात डासांच्या वळवळत्या अळ्या दिसल्या की लेक चहाच्या गाळणीने पकडून आणते. त्या दिवशी टाकीत जेवणावळ असते.

आता ते मीठ. पावसाळ्यात पाणी गार पडलं की माशांच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके येतात, मासे दगडांना अंग घासतात, पर मिटून घेतात. पहिल्यांदा हे माझ्याही आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. मासेवालीच्या टोपलीतला बांगडा त्या ज्या डोळ्याने पारखतात त्याच डोळ्याने त्या टाकीकडे बघतात. "डोळे बघ, कल्ले बघ. माशाचा सगळा थयच कळता." विकत घेताना डोळा काचेसारखा स्वच्छ हवा, कल्ला लालभडक हवा, दाबलं तर बोट उमटू नये. टाकीतल्या जिवंत माशाचाही डोळा गढूळ होता कामा नये, कल्ले भराभर हलता कामा नयेत, खवले फुगलेले दिसता कामा नयेत. जन्मभर मासे निवडून शिजवणाऱ्या बाईला आजारी मासा लांबून ओळखता यावा यात नवल नाही. नवल हे की मग त्या रात्री उठून बॅटरी घेऊन टाकीपाशी जातात. चार लिटर पाण्याला चहाचा एक चमचा या बेताने खडेमीठ वाटीत विरघळवून हळूहळू टाकीत सोडलं. घाई नाही, एकदम ओतायचं नाही. गप्पी मिठाला घाबरत नाहीत. चार-सहा दिवसांत ठिपके गेले.

पावसाळ्यात आणखी दोन काळज्या. ग्रामपंचायतीतून सार्वजनिक विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर पडते, घरच्या विहिरीत आपणही टाकतो. माणसांसाठी ते हवंच. पण त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. म्हणून टाकीचं पाणी रुंद घमेल्यात एक-दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातं. दुसरी काळजी विजेची. वारा सुटला, माडाची झावळ तारेवर पडली की वीज गेलीच, आणि हवेचा पंप बंद. अशा वेळी तांब्याने टाकीतलंच पाणी वर घेऊन बारीक धारेने परत सोडत राहायचं. पाण्याचा पृष्ठभाग हलला की हवा मिसळते. अंधारात कंदील लावून आम्ही आळीपाळीने हे करतो. एकदा ह्यांनी करता करता दशावतारातली अख्खी आख्यानं लेकीला सांगितली. वीज आली ती कुणालाच नको होती.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. गप्पी फार वाढले की कुणीतरी सुचवतं, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडून दे, तिथे डास खातील. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि त्रिनिदादचे. १८६६ साली त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला धाडले ते रॉबर्ट गप्पी या अभ्यासकाने, त्यावरून हे नाव. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं ते हौदांत, बंद टाक्यांत सोडतं, ते योग्यच. पण व्हाळ हे आपल्या माशांचं घर आहे. पहिल्या पावसात खालून उलटं वर चढणारे चढणीचे मासे, डोक्यावर चांदीचा ठिपका घेऊन काठाकाठाने फिरणारे बारीक मासे, जे स्वतःही डासांच्या अळ्या खातात, यांच्या पंगतीत परक्याला नेऊन बसवायचं आणि तो झपाट्याने वाढतो हे ठाऊक असूनही बसवायचं, हे मला पटत नाही. आमचे जास्तीचे गप्पी शाळेतल्या मुलांच्या टाक्यांत जातात, नाहीतर घरच्या डोणीत. व्हाळात एकही गेलेला नाही, जाणार नाही.

मासे हातात घ्यायचे नसतात, बारीक जाळी लागते. बाजारची जाळी कडक असते, फायटरचे लांब पर तिच्यात अडकून फाटतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, आणि गाबीतवाड्यातले, म्हणजे कोळ्यांच्या वाडीतले, पुरुष पडव्यांतून जाळी दुरुस्त करत बसलेले. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य गेलेलं. लाकडी सुईत नायलॉनचा दोरा भरून फाटलेल्या जागी जाळ्याचं घर उचलायचं, मापाच्या पट्टीवर ओढायचं, गाठ मारायची. त्यांचं लक्ष समोर बोलणाऱ्याकडे असतं आणि बोटं आपली चाललेली. लेकीने त्यांच्याकडे हट्ट धरला. त्यांनी मऊ मच्छरदाणीचं कापड तारेच्या कड्याला बसवून कडेने बारीक गाठींची किनार काढून दिली. एवढ्याशा जाळीला किनार कशाला, असं मी म्हणाले. ते म्हणाले, बिनकिनारीचं जाळं आमच्या हातून होत नाही.

सासूबाईंच्या क्रोशाचंही तसंच आहे. टीव्हीवर घालायला रुमाल, देवाच्या चौरंगाला लेस, दाराला तोरण. साखळी घालायची, खांब घ्यायचे, दोरा बोटावर इतकाच ताणायचा की टाका दिसेल पण आवळणार नाही. आवळला की रुमाल वाटीसारखा वर येतो, सैल सोडला की झालर पडते. नव्या वर्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच हे घरात गृहीत धरलं जातं, आणि मला त्याचा राग येतो. तयार लेस बाजारात मिळते, मग हे कशाला, असं आमच्याच नात्यातल्या एकाने त्यांच्या तोंडावर विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी बोलले. चाळीस वर्षं संध्याकाळी डोळे दुखेस्तोवर विणून या बाईने गावातल्या किती मुलींची रुखवतं सजवली, त्याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही म्हणून ते काम नव्हतं असं होत नाही.

पाऊस लागायच्या आधी झापं विणायची. माडाचं चुडत डोणीत भिजत घालायचं, म्हणजे पातं मोडत नाही. मधला दांडा उभा चिरायचा आणि एकाआड एक पाती खालून-वरून घेत विणत जायचं. पश्चिमेच्या झडीला पडवीची ती बाजू झापांनी बंद होते. हल्ली सगळीकडे निळी ताडपत्री आली, ती चटकन होते. आमच्याकडे टाकीच्या बाजूला मात्र झापच असतं. ताडपत्रीआड आत कोंदट होतं, झापातून वारा येतो आणि उजेड गाळून येतो. पाण्याचं तापमान सारखं राहतं. वाळलेली पाती सोलून हिरांचे खराटे होतात, त्यातलाच एक बारीक हीर टाकीच्या पाइपमधली घाण काढायला उपयोगी पडतो.

गेल्या सुटीत सावंतवाडीला गेलो होतो. चितारआळीतून लाकडी फळांचा संच घ्यायचा होता, चतुर्थीच्या आराशीसाठी. मग मोती तलावाला वळसा घालून राजवाड्यात गेलो. तिथे कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. ही कला संपल्यात जमा होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन ती पुन्हा उभी केली. गोल पानं, चिंचोक्याच्या खळीचा हात, त्यावर रंग, शेवटी लाखेची चमक. दशावतारी गंजिफात १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. पहिला रंग मत्स्याचा. एका पानावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असे दहापर्यंत.

लेक तिथून हलेना. कारागीर अगदी बारीक कुंचल्याने माशाचा एकेक खवला काढत होता, श्वास रोखून. एक खवला झाला की श्वास सोडायचा, मग दुसरा. तिने विचारलं, हा कुठला मासा. तो म्हणाला, जो तुझ्या घरात असेल तो.

घरी आल्यावर तिने मत्स्याचा रंग करायला घेतलाय. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे वाटी ठेवून गोल कापले, दोन-दोन चिकटवले. चिंचोके सासूबाईंनी भाजून, सोलून, दळून दिले, खळही त्यांनीच शिजवली. मी घोटायला बसते, गुळगुळीत शंखाने पान चकाकेपर्यंत. एक ते सहा झाली. त्यांवर आमचेच गप्पी आहेत, शेपट्यांच्या रंगांसकट, आणि सहाच्या पानावर एक पोटुशी मादीही. राजा कोण, यावर मात्र पडवीत रोज भांडण आहे. लेक म्हणते फायटर, त्याच्यासारखं रूप कुणाचं नाही. काकांचा कौल सुरमईला. सासूबाई खाज्याचा पाक बघत बघत ठणकावून सांगतात, कोकणात राजा एकच, बांगडो. ह्यांना कुणी विचारलेलं नाही, तरी ते सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, नाव पुढे करतात, आणि तो मासाच नव्हे म्हणून बाद होतात. चतुर्थीला मुंबईची मंडळी येतील, त्यांना डाव मांडून दाखवायचाय, तेव्हा राजाचं पान त्याआधी रंगायला हवं. शिवाय खाज्याचे तीन डबे भरायचे आहेत, गणपतीवरच्या माटवीला नवी तोरणं व्हायची आहेत, आणि टाकीतल्या त्या मोठ्या मादीचं पोट पुन्हा चौकोनी दिसायला लागलंय.